डिस्क राइट होईना : लिनक्स वापरणाऱ्या वाचकांचे प्रश्न

लिनक्सवर सीडी-डीव्हीडी राइट करताना येणाऱ्या अडचणींबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले सगळ्यांच्या उपयोगाचे प्रश्न इथे घेतले आहेत. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टर्मिनलमध्ये ती छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. ड्राइव्हचं नाव बहुतेक मशीनवर 'डेव्ह' फोल्डरमधलं 'एसआर०' असतं. दुसरा ड्राइव्ह जोडला असेल तर तो 'एसआर१'.

प्रश्न (गिरगाव) : डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स आणि डिस्क राइट करायचं केथ्रीबी हे सॉफ्टवेअर आहे. सीडी व्यवस्थित राइट होतात, पण डीव्हीडी एक-दोन टक्क्यांवर 'राइट एरर' दाखवून थांबते. कपाटात पडलेल्या ५० डिस्कच्या डब्यातल्या चार फुकट गेल्या. सीडी होते म्हणजे ड्राइव्ह चांगला आहे. मग सॉफ्टवेअर बदलू का?

उत्तर : सॉफ्टवेअर बदलू नका, आणि पाचवी डिस्कही घालू नका. सीडी होते म्हणून ड्राइव्ह चांगला, हे गृहीतच चुकतं. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. एकाच ड्राइव्हमध्ये हे दोन वेगळे लेझर असतात आणि ते वेगवेगळे थकतात. लाल लेझर मंद झाला तरी सीडी बिनतक्रार होत राहते.

डिस्क कुठे थांबते यावरूनही बरंच कळतं. राइट सुरू होण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेच्या राखीव पट्टीत लेझरची ताकद जुळवून बघतो. तिथेच जमलं नाही तर काम पहिल्या एक-दोन टक्क्यांत मोडतं, आणि दोष डिस्कच्या रंगद्रव्याचा किंवा लेझरचा असतो. ९० टक्क्यांच्या पुढे मोडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बाहेरच्या कडेला वेग जास्त असतो, आणि स्वस्त डिस्कचा लेप कडेलाच खराब असतो.

आता केथ्रीबीच्या राइटच्या खिडकीतली डीबगिंगची नोंद उघडा आणि 'एसके' असलेली ओळ शोधा. हे आकडे ड्राइव्ह स्वतः पाठवतो, सॉफ्टवेअर ते फक्त छापतं. एसके २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, ३ म्हणजे डिस्कचा दोष, ४ म्हणजे ड्राइव्हच्या यंत्राचा दोष, ५ म्हणजे सॉफ्टवेअरने ड्राइव्हला न मानवणारा हुकूम दिला. एसकेच्या पुढचे एएससी आणि एएससीक्यू हे आकडे चुकीचा बारकावा सांगतात. एसके ३ सोबत एएससी ०सी असेल तर लिहिताना चूक झाली. एएससी ७३ आणि एएससीक्यू ०३ असेल तर ताकद जुळवण्याची पट्टीच फसली. एसके ५ आणि एएससी ३० म्हणजे अशा जातीची डिस्क हा ड्राइव्ह घेत नाही. तुमच्या वर्णनावरून एसके ३ निघेल असं वाटतं, आणि तसं असेल तर ब्रासेरो, एक्सएफबर्न, केथ्रीबी यांतलं काहीही वापरलं तरी डिस्क जाणारच.

मग डिस्क की ड्राइव्ह? कोरी डिस्क कायमची टिकत नाही. न वापरलेल्या डिस्कचं आयुष्य पाच ते दहा वर्षं धरावं, आणि मुंबईच्या दमट हवेत कपाटात उघड्या पडलेल्या डब्याचं त्याहून कमी. 'डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू टूल्स' हे पॅकेज टाका आणि कोरी डिस्क घालून 'डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो' ही कमांड ड्राइव्हच्या नावासह चालवा. त्यात डिस्क बनवणाऱ्याचा सांकेतिक शब्द येतो. डब्यावरचं नाव आणि खरा उत्पादक बरेचदा वेगळे असतात, म्हणून हा शब्द महत्त्वाचा. खाली ड्राइव्ह त्या डिस्कला कोणते वेग देऊ करतो तेही दिसतं. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १३८५ केबी, म्हणून १६एक्स म्हणजे १६ गुणिले १३८५, सेकंदाला २२,१६० केबी.

लॅमिंग्टन रोडवरून नवा डबा उचलण्याआधी वेगळ्या सांकेतिक शब्दाच्या दोन-तीन सुट्या डिस्क आणा, एक प्लस-आर, एक मायनस-आर (या कोऱ्या डीव्हीडीच्या दोन जाती). ८एक्सवर राइट करा. 'जितकं हळू तितकं चांगलं' हा समज सगळीकडे आहे, पण १६एक्सच्या डिस्कचं रंगद्रव्य जास्त वेगासाठी बनवलेलं असतं आणि अगदी कमी वेगावर ती उलट खराब होऊ शकते. नव्या डिस्क झाल्या तर जुना डबा टाकून द्या. त्याही त्याच जागी मोडल्या तर ड्राइव्ह बदला. लेन्स पुसणाऱ्या ब्रशच्या डिस्कने धूळ निघते, पण थकलेला लेझर परत येत नाही.

प्रश्न (विलेपार्ले) : लॅपटॉपला यूएसबीचा बाहेरचा पातळ ड्राइव्ह जोडतो. वाचायला उत्तम, पण राइट करताना मध्येच तो यादीतूनच नाहीसा होतो. कधी १० टक्क्यांवर, कधी ६०वर.

उत्तर : दर वेळी वेगळ्या जागी मोडतंय आणि ड्राइव्ह नाहीसा होतोय, म्हणजे डिस्कवर संशय घेऊ नका. हा वीज कमी पडण्याचा नमुना आहे. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३ ने ९००. वाचताना ड्राइव्ह त्यात भागवतो. राइट करताना मोटर आणि लेझर मिळून जास्त ओढतात, व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि ड्राइव्ह बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

खात्री करायची तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'डीमेसेज डॅश डब्ल्यू' चालू ठेवून राइट करा (ही कमांड डी-एम-ई-एस-जी अशी लिहायची, पुष्कळ ठिकाणी तिच्या आधी 'सुडो' लिहावं लागतं). मोडण्याच्या क्षणी 'यूएसबी डिस्कनेक्ट' किंवा 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशी ओळ आली तर निदान पक्कं. हब काढून टाका, ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टला लावा, केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. तेवढ्याने भागलं नाही तर दोन तोंडांची वाय-केबल घ्या, किंवा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब. वेग कमी पडतो अशी शंका असेल तर ती सोडा: ८एक्सला सेकंदाला ११ एमबी लागतात, यूएसबी २ त्याच्या दुपटीहून जास्त सहज देतं.

अशा पातळ ड्राइव्हचा ट्रे स्वतःहून आत जात नाही. राइटनंतर तपासणीसाठी सॉफ्टवेअर ट्रे बाहेर काढतं आणि वाट बघत राहतं. तो हाताने ढकला. त्याला बिघाड समजू नका.

प्रश्न (मुलुंड) : उबुंटू डाउनलोड करून डीव्हीडीवर टाकायचं होतं. एकदा 'जागा अपुरी' असं आलं. मग जुनी आवृत्ती घेतली, ती डिस्कवर गेली, पण जुना पीसी त्यावरून सुरू होत नाही. डिस्क उघडली की आत आयएसओ नावाची एकच फाइल दिसते.

उत्तर : एकच फाइल दिसते हेच कारण. तुम्ही 'डेटा डिस्क' प्रकल्पात आयएसओ फाइल ओढून टाकलीत, त्यामुळे ती नुसतीच कॉपी झाली. आयएसओ ही आख्ख्या डिस्कची प्रतिमा असते, ती 'बर्न इमेज' या पर्यायातूनच उतरवायची. ब्रासेरो, एक्सएफबर्न, केथ्रीबी या तिन्हींत हा पर्याय याच नावाने आहे. नीट झालेल्या डिस्कवर बरेच फोल्डर दिसतात.

जागेचं म्हणाल तर डीव्हीडीवर छापलेले ४.७ जीबी हे हजाराच्या हिशेबातले. मायनस-आरवर नेमके ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, प्लस-आरवर त्याहून सुमारे ७० लाख कमी. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओ साडेपाच जीबीच्या वर आहे, ती एकथरी डिस्कवर बसणार नाही. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क महाग पडते आणि जुने ड्राइव्ह तिच्यावर अडखळतात. पीसी पेनड्राइव्हवरून सुरू होत असेल तर पेनड्राइव्हच वापरा. होत नसेल तर डेबियनची नेटइन्स्ट (बाकीचं इंटरनेटवरून घेणारी छोटी) आयएसओ घ्या, ती एका डीव्हीडीत आरामात बसते.

प्रश्न (दादर) : आमच्या मंडळाचे गणेशोत्सवाचे फोटो आणि हिशेबाची कागदपत्रं डीव्हीडीवर ठेवतो. फायलींची नावं मराठीत आहेत. लिनक्सवर नावं नीट दिसतात, पण विंडोजवर काही नावं अर्धी तुटतात. दुसऱ्या एका संगणकावर बनवलेल्या डिस्कवर तर सगळीकडे प्रश्नचिन्हंच दिसतात. एकदा 'दोन फायलींचं नाव सारखं' म्हणून डिस्क झालीच नाही, खरं तर नावं वेगळी होती.

उत्तर : या तिन्ही तक्रारी मराठी नावांच्या लांबीशी आणि लिपीशी जोडलेल्या आहेत, आणि देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला त्या कधी ना कधी भेटतात.

डिस्कवर फायलींची नावं एकाहून जास्त याद्यांमध्ये लिहिता येतात. आयएसओ ९६६० या मूळ मानकाची यादी फक्त इंग्रजी अक्षरं ओळखते. तिच्यावर लिनक्ससाठी 'रॉक रिज' आणि विंडोजसाठी 'जोलिएट' अशा दोन जास्तीच्या याद्या चढवतात. डिस्कवर दोन्ही असतील तर लिनक्स रॉक रिज वाचतं, विंडोज जोलिएट. म्हणून एकच डिस्क दोन संगणकांवर वेगळी दिसते.

जोलिएटमध्ये एका नावाला ६४ चिन्हं मिळतात, आणि संगणक आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. तो प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळा धरतो. 'लक्ष्मी' आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं. संगणकाला ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हं. 'सार्वजनिक' म्हणजे नऊ. त्यात मंडळाचं नाव, वर्ष, मिरवणुकीचा दिवस आणि शेवटी जेपीजी घातलंत की ६४ केव्हा संपतात कळत नाही. रॉक रिजची मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे तिथेही ८५ चिन्हंच.

सारख्या नावांची तक्रारही यातूनच येते. तुमच्या फायलींची पहिली ६४ चिन्हं एकच असणार आणि फरक शेवटच्या क्रमांकात. जोलिएटमध्ये शेपटी कापली की उरलेली नावं तंतोतंत सारखी होतात. क्रमांक नावाच्या सुरुवातीला आणा, '०१७ विसर्जन' असा, म्हणजे कापलं गेलं तरी फरक शिल्लक राहतो. मर्यादा १०३ चिन्हांपर्यंत वाढवणारा पर्यायही मिळतो, पण तो जोलिएटच्या नियमाबाहेरचा आहे. जपून ठेवायच्या डिस्कवर तो वापरू नये असं आमचं मत आहे.

प्रश्नचिन्हांचं कारण त्या संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये असणार. टर्मिनलमध्ये 'लोकेल' चालवा. उत्तरात यूटीएफ-८ न येता नुसतं 'सी' किंवा 'पोझिक्स' आलं तर डिस्क बनवणारं साधन देवनागरी बाइट ओळखतच नाही. लोकेल दुरुस्त करून लॉगआउट करा, पुन्हा लॉगइन करा आणि डिस्क नव्याने बनवा. 'जेनआयसोइमेज' टर्मिनलवरून वापरत असाल तर 'इनपुट-कॅरसेट' हा पर्याय यूटीएफ-८ देऊन लिहा. केथ्रीबीत फाइल सिस्टिमच्या टॅबमध्ये 'लिनक्स/युनिक्स + विंडोज' निवडलं की दोन्ही याद्या होतात.

मिरवणुकीचं चित्रीकरण एकाच फाइलमध्ये ४ जीबीच्या वर गेलं असेल तर वेगळी काळजी घ्या. साध्या आयएसओ रचनेत एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी चालत नाही. त्यासाठी 'आयएसओ लेव्हल ३' किंवा यूडीएफ ही वेगळी रचना निवडावी लागते.

हिशेबाच्या कागदांसाठी आणखी एक सुचवतो. प्रत्येक डिस्कवर 'सूची' नावाची एक साधी मजकूर फाइल ठेवा आणि तिच्यात प्रत्येक फाइलची पूर्ण माहिती मराठीत लिहा. मंडळाचे कार्यकर्ते बदलतात. दहा वर्षांनी डिस्क उघडणाऱ्याला तुटलेल्या नावांपेक्षा ही सूची जास्त कामाची ठरेल.

प्रश्न (परळ) : डिस्क 'यशस्वी' झाली असं येतं, पण डिस्कची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ आयएसओशी जुळत नाही. सीडीवर तर वाचता वाचता अगदी शेवटी 'इनपुट/आउटपुट एरर' येते. डिस्क खराब समजायची का?

उत्तर : एवढ्यावरून खराब म्हणता येत नाही. डीव्हीडीवर मजकूर १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्यांत लिहिला जातो आणि शेवटचा अर्धवट गठ्ठा शून्यांनी भरला जातो. सगळी डिस्क वाचलीत की ती शून्यंही मोजली जातात. सीडी 'ट्रॅक-अ‍ॅट-वन्स' म्हणजे एकेक ट्रॅक वेगळा लिहिण्याच्या पद्धतीने केली असेल तर ट्रॅकच्या शेवटी दोन न वाचता येणारे ब्लॉक राहतात, आणि लिनक्स पुढचं वाचून ठेवायला जाऊन त्यांवर आपटतं. सीडीसाठी 'डिस्क-अ‍ॅट-वन्स', म्हणजे आख्खी डिस्क एका दमात, निवडलंत की तो त्रास जातो.

तपासायचं ते मोजून. आयएसओ फाइलचे बाइट घ्या आणि २०४८ ने भागा. फाइल ३,१४,५७,२८,००० बाइटची असेल तर १५,३६,००० ब्लॉक झाले. डिस्क बाहेर काढून पुन्हा घाला, नाहीतर लिनक्स मेमरीतलीच जुनी माहिती दाखवू शकतं. मग 'डीडी' ला ब्लॉकचा आकार २०४८ आणि संख्या १५,३६,००० देऊन डिस्क वाचा आणि ते थेट 'शा२५६सम' कडे पाठवा. ही चेकसम मूळ आयएसओच्या चेकसमशी जुळली तर डिस्क निर्दोष आहे. नाही जुळली आणि डीमेसेजमध्ये 'आय/ओ एरर, डेव्ह एसआर०' च्या ओळी दिसल्या तर मात्र ती वाया गेली. हे होईपर्यंत हार्डडिस्कवरची मूळ फाइल पुसू नका.

प्रश्न (बोरिवली) : घरच्या जुन्या सीडी प्लेअरसाठी एमपी३ नाट्यपदांची सीडी बनवली. प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. दुसरी ऑडिओ सीडी म्हणून केली, ती लागते, पण मैफलीच्या सलग रेकॉर्डिंगमध्ये दर तुकड्यानंतर दोन सेकंद शांतता येते.

उत्तर : जुना प्लेअर फक्त ऑडिओ सीडी ओळखतो: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. ७०० एमबीच्या डिस्कवर ८० मिनिटं बसतात, एमपी३ फायलींचा आकार कितीही लहान असो. केथ्रीबी एमपी३ घेत नसेल तर डेबियन-उबुंटूवर 'एक्स्ट्राकोडेक्स' शब्द असलेलं केथ्रीबीचं पॅकेज टाकावं लागतं.

दोन सेकंदांची शांतता ट्रॅक-अ‍ॅट-वन्समधून येते. डिस्क-अ‍ॅट-वन्स निवडा आणि ट्रॅकांमधलं अंतर शून्य करा. तरीही बारीक खटका ऐकू आला तर तो एमपी३चा: ही फाइल बनतानाच पुढे-मागे थोडी शांतता चिकटते. आलापीच्या मधोमध असा खटका फार टोचतो, म्हणून मूळ वेव्ह किंवा फ्लॅक मिळत असेल तर त्यावरूनच करा. आणि सीडी-आर घ्या, सीडी-आरडब्ल्यू नको. आरडब्ल्यूवरून परत येणारा प्रकाश सीडी-आरच्या निम्म्याहूनही कमी असतो, जुन्या प्लेअरला तो पुरत नाही.

प्रश्न (भांडुप) : डीव्हीडी-आरडब्ल्यू पुसली, पहिल्यांदा भरली, पण नंतर तिच्यात भर घालता येत नाही.

उत्तर : तुम्ही झटपट पुसलीत. तशा मायनस-आरडब्ल्यूवर एकाच दमात एकदाच लिहिता येतं. पूर्ण पुसा, त्याला आख्खी डिस्क लिहिण्याइतका वेळ लागतो. सारखी भर घालायची असेल तर प्लस-आरडब्ल्यू घ्या, ती पुसावी लागत नाही, वरून थेट लिहिता येते.

प्रश्न (चेंबूर) : रूट (लिनक्सचं व्यवस्थापकाचं खातं) म्हणून राइट होतं, माझ्या खात्यातून 'परवानगी नाही'. कधी कधी 'डिव्हाइस बिझी' असंही येतं.

उत्तर : डेबियन-उबुंटूवर तुमचं खातं 'सीडीरॉम' या गटात घाला, आर्चवर त्या गटाचं नाव 'ऑप्टिकल'. लॉगआउट करून पुन्हा आत आल्याशिवाय बदल लागू होत नाही. 'बिझी' तेव्हा येतं जेव्हा फाइल मॅनेजरने डिस्क आधीच माउंट केलेली, म्हणजे वापरासाठी उघडलेली असते. 'अनमाउंट' करा, 'इजेक्ट' नको. तरी सुटली नाही तर 'फ्यूजर डॅश व्ही' सांगतं कोणता प्रोग्राम धरून बसला आहे.

प्रश्न (कुर्ला) : २००८च्या सुमाराच्या डिस्क पावसाळ्यानंतर वाचेनाशा झाल्या. पृष्ठभागावर धुरकट डाग आहेत. काही परत मिळेल का?

उत्तर : मिळण्याची बरीच शक्यता आहे, फक्त घाई करू नका. ऊर्ध्वपातित पाण्याने ओलसर केलेलं मऊ सुती कापड घ्या आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. माहिती गोलाकार मार्गावर असते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातलं थोडंच खातो आणि ड्राइव्ह ते सुधारून घेतो, मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मजकूर नेतो. सीडीची लेबलची बाजू विशेष जपा, माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. एसीच्या खोलीतून आणलेली डिस्क बाष्प उडेपर्यंत ड्राइव्हमध्ये घालू नका.

साध्या कॉपीने प्रयत्न करत बसू नका, ती पहिल्या चुकीवर थांबते. 'जीडीडीरेस्क्यू' पॅकेज टाका. पहिल्या फेरीत 'डीडीरेस्क्यू' ला ब्लॉक २०४८ आणि 'डॅश एन' द्या, म्हणजे सहज वाचता येणारा भाग आधी हाती येतो. तिसरं नाव मॅप फाइलचं द्यायचं. कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद तिच्यात राहते. दुसऱ्या फेरीत तीच प्रतिमा आणि तीच मॅप फाइल देऊन 'डॅश डी' आणि 'डॅश आर ३' लावा, म्हणजे राहिलेल्या सेक्टरवर तीन प्रयत्न होतात. मग ती मॅप फाइल घेऊन दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर तिसरी फेरी करा. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला दिसतात, आणि मॅप फाइलमुळे तो फक्त उरलेली भोकंच वाचतो.

वाचवलेलं हार्डडिस्कवर घेतल्यावर नव्या डिस्कही कराव्यात. त्या उभ्या, कडक डब्यांत, २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या असतात. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्यात तर वाळवायच्या कधी ते बघूनच कळतं.